गावकरी कुणाचे होते?

"तुम्ही श्रीलंकेत शांतिसेनेत होता ना? मग तिथले गावकरी कुणाच्या बाजूचे होते? आपल्या, की वाघांच्या?" गेली तीस-पस्तीस वर्षं हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, झेंडावंदनाला विचारला जातो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि पहिली दहा-बारा वर्षं मी ते दिलंही. "वाघांच्या," असं मी छातीठोकपणे सांगायचो. वाघ म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी एलटीटीई संघटना. जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर आम्हाला हार घालणारी माणसं ऑक्टोबरात लढाई पेटल्यावर दारं लावून बसली, एवढा पुरावा मला पुरायचा.

त्याला कारणही होतं. माझा जोडीदार एका बोळात सुरुंगावर गेला. त्या बोळातून रोज सकाळी शाळेची मुलं जायची. त्या दिवशी ती पलीकडच्या बांधावरून गेली होती. म्हणजे घरोघरी ठाऊक होतं. एखाद्या म्हातारीने नुसती मान हलवली असती तरी तो वाचला असता. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा आग्रह कुणी धरू नये.

पण तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज तेही सांगतो, जे सांगायचं टाळत आलो.

मला मोडकीतोडकी तमिळ यायची, तमिळ सोबत्यांकडून उचललेली. त्यामुळे गावाला वेढा पडला की पुरुषांना रांगेत बसवून "पोडियंगळ एंगे?", पोरं कुठायत, हे विचारायचं काम माझ्याकडे. वाघांना सगळा मुलूख 'पोरं'च म्हणायचा, आणि काही घरांत ती खरोखर घरचीच पोरं असायची. उत्तर ठरलेलं. "तेरियादु." माहीत नाही.

१९८८ साल. जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्ची भागातलं गाव, नाव सांगणार नाही. तांबडी माती, कांद्याचे वाफे, ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. चौकीजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची विहीर होती. मी तिथे पाण्याला जायचो. तो मला 'तंबी' म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. एकदा त्याने ताडगुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. त्या सगळ्या मुलखात एक घर तरी आपलं आहे, असं मला वाटायला लागलं.

एका संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "तंबी, असा येऊ नकोस. यायचंच असेल तर इतरांच्या घरी येता तसा ये. ओरड, सामान विस्कट." मला ते लागलं. इतके दिवसांचं सगळं तोंडदेखलंच होतं तर, असं मनात आलं. तरी तिसऱ्या दिवशी मी गेलो. त्याच्या नातीला ताप होता आणि मी गोळ्या मागून आणल्या होत्या. दारात उभं राहून, कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, किती वेळा द्यायच्या ते मी समजावून सांगितलं. तो खाली बघत होता.

पहाटे तो तिठ्यावरच्या खांबाला बांधलेला सापडला. गळ्यात पुठ्ठा, त्यावर एकच शब्द, 'तुरोगी'. द्रोही. खाली कुणाचं नाव नव्हतं. त्या भागात वाघ होते, त्यांच्याशी वैर असलेल्या हत्यारबंद संघटना होत्या, आम्ही होतो. कुणी मारलं ते मला आजही कळलेलं नाही. साहेबांच्या सांगण्यावरून मी त्याच्या बायकोला विचारलं, रात्री कोण आलं होतं? "तेरियादु."

त्याला सोडवायचं कुणी? आम्ही सोडवला असता तर तो आमचा माणूस होता हे गावापुढे शाबीत झालं असतं. घरच्यांनी सोडवला असता तर कुणाला विचारून सोडवला, हे विचारायला रात्री कुणीतरी आलं असतं. शेजारी दाराआड. ऊन चढत गेलं. मी रायफल घेऊन वीस पावलांवर उभा. म्हातारी मातीत बसली होती आणि रडत नव्हती. कोण किती रडतं यावरही कुणाची तरी नजर होती.

दुपारी ग्रामसेवक सायकलवरून आला. तिकडेही त्या सरकारी माणसाला ग्रामसेवकच म्हणत. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. सायकल झाडाला टेकवली, चाकू काढला आणि सुंभ कापला. मग तीन बायका बाहेर आल्या. उचलताना त्याचा एक हात लोंबला, मी पुढे झालो. म्हातारीने मान हलवली. नको.

माझी बायको म्हणते, गोळ्या देण्यात तुमचा काय दोष? काही रात्री मीही तेच म्हणतो. पण त्याने सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. मला त्याच्या दारात चांगला माणूस म्हणून उभं राहायचं होतं.

बोलायला बसलोच आहे तर हेही. २१ ऑक्टोबर १९८७ला जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या जवानांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले. मी तिथे नव्हतो. हे वाक्य मी फार वेळा वापरलं आहे. आपले बाराशेच्या आसपास जवान त्या मातीत गेले. त्यांच्याबद्दल कुणी उणा शब्द काढला तर मला आजही सहन होत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी पडून आहेत.

आणि बाजू म्हणजे तरी कुठली? १९८९मध्ये आपल्या बाजूच्या संघटनांनी 'तमिळ राष्ट्रीय सेने'साठी गावांतून पोरं उचलली. एक मुलगा वाघांकडे आणि दुसरा असा नेलेला, त्या आईला कुठली बाजू विचारायची? त्याच वेळी कोलंबोत राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांचं सरकार आम्हाला घालवण्यासाठी वाघांनाच हत्यारं देत होतं. २४ मार्च १९९०ला आपली शेवटची तुकडी निघाली. जूनमध्ये ते सरकार आणि वाघ पुन्हा एकमेकांवर तुटून पडले.

त्या बोळातल्या सुरुंगाबद्दल कुणी बोललं असतं, तर खांबाला ते माणूस असतं. हे मला कळतं. पण जोडीदाराच्या आईसमोर बसून हे बोलायची हिंमत मला कधी झाली नाही.

२००९मध्ये, युद्धाच्या शेवटी, श्रीलंकेच्या ईशान्येला मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर हजारो माणसं अडकली होती. सरकारी तोफा त्यांच्यावर पडत होत्या आणि पळू पाहणाऱ्यांवर वाघ गोळ्या झाडत होते. टीव्हीवर तिथून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवायचे. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे चेहरे बघत बसायचो. म्हाताऱ्याची ती नात १९८८मध्ये सहा-सात वर्षांची होती. तिचा चेहराही मी नीट पाहिलेला नाही. ती आत चटईवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिचा ताप उतरला का, एवढं विचारायलासुद्धा मी त्या घराकडे पुन्हा गेलो नाही.