दोन पुरस्कार आणि पुस्तकामागची माणसं

इराकमधल्या कुत या गावच्या वेढ्यातल्या मराठा पलटणींवर लिहिलेल्या माझ्या पुस्तकाला यंदा दोन पुरस्कार मिळाले. अभिनंदनाचे फोन येताहेत, आनंद तर आहेच. पण ज्यांच्यामुळे पुस्तक उभं राहिलं त्यांचे आभार आधी मानायला हवेत.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या पुणे डिव्हिजनच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून टायग्रिस नदीकाठी कुतमध्ये तुर्की वेढ्यात कोंडल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ ला त्यांचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. पुढे तुर्की कैदेतही कित्येक जण दगावले. एवढं इंग्रजी ग्रंथांत सापडतं, शिपाई मात्र सापडत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या. मला नावं हवी होती.

लंडनच्या अभिलेखागारातल्या वॉर डायऱ्यांत रोजचा हिशेब आहे, पण तिथेही जखमी आणि मृत बहुतेक आकड्यांतच. युद्धस्मारकांच्या नोंदवहीत नाव, वडिलांचं नाव, गाव मिळायचं, तेही इंग्रजी कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं. ती गावं ओळखून दिली कोकणातल्या शिक्षकांनी, तलाठ्यांनी, पोस्टमनकाकांनी. एका घरी आजींनी देवघरातून फडक्यात बांधलेलं पदक काढलं. हातात द्यायला त्या तयार नव्हत्या आणि ते योग्यच होतं. त्यांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं, मी भिंगातून कडेवरची अक्षरं वाचली: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. वहीतली नोंद तंतोतंत जुळली. आजी, त्या दिवशी तुम्ही पाजलेल्या चहासकट सगळ्याचं ऋण माझ्यावर आहे.

माझ्या संपादकबाईंनी घोड्याच्या मांसाचं प्रकरण मला पुन्हा लिहायला लावलं. रसद संपत आली तरी अनेक हिंदी शिपाई ते खाईनात. इंग्रज लेखक याला हट्ट म्हणतात. बाईंनी विचारलं, "गावी परतल्यावर जात वाळीत टाकेल ही भीती कुठे आहे यात?" आज ते पुस्तकातलं सर्वांत खरं प्रकरण आहे असं मला वाटतं. नकाशे काढणारा मित्र, मुद्रितशोधक आणि नावांच्या लांबलचक परिशिष्टाची पानं एकदाही कमी करा न म्हणणारे प्रकाशक, सगळ्यांना मनापासून नमस्कार. दोन्ही परीक्षक मंडळांनी त्या परिशिष्टाचाच खास उल्लेख केला, याचं मला फार समाधान आहे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी नवी नावं येऊ लागली आहेत. तुमच्या घरी पणजोबांचं पदक असेल तर त्याची कडा वाचून मला जरूर कळवा.