तिसरा ग्लास

जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात मी एकदा भालदार होतो. वाक्यं दोन, उभं राहणं मात्र अख्खा अंक. डिसेंबरची थंडी, फोंड्याकडचं एक देऊळ, समोर मांडव, आणि पडदा वर जायला मध्यरात्र उलटलेली. रंगपटात किटली फिरत होती. मी तीन ग्लास रिचवले. मिशी चिकटवता चिकटवता रंगभूषेचे काका म्हणाले, "अरे, पुरे आता. शेला बांधलाय मी, सोडायला वेळ लागेल."

अंक अर्ध्यावर आला आणि काकांचा शब्द आठवला. महाराज खलित्यामागून खलिता ऐकतायत, आणि मी भाल्यावर भार टाकून या पायावरून त्या पायावर. गनीम वेशीशी आला होता म्हणे. माझा तर केव्हाच आत शिरला होता.

त्या रात्रीचं खापर मी कित्येक वर्षं चहावर फोडलं. कॅफिनने लघवी वाढते, हे खोटं नाही. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात ओढून घेतात. मीठ जिकडे, पाणी तिकडे, असा तिथला कारभार. मीठ परत ओढायच्या कामी ॲडेनोसिन नावाचं शरीरातलंच एक रसायन हातभार लावतं. कॅफिन नेमकं त्याचीच जागा अडवतं, नाटकाला पुढच्या खुर्चीवर कुणीतरी रुमाल टाकून जावं तसं. मग थोडं मीठ निसटतं, पाठोपाठ पाणी.

पण हे ठळक जाणवायला एका वेळी 250 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन पोटात जावं लागतं. आमच्या त्या चिमुकल्या ग्लासात असून असून 30-40 असेल. शिवाय रोज पिणाऱ्याला त्याची सवय होते, आणि मी तर बशीतून फुंकून प्यायच्या वयापासूनचा चहाबाज. मग राहिलं काय? तीन ग्लास पाणीच की ते! वर थंडी: अंग गारठलं की कातडीतलं रक्त आत वळतं आणि मूत्रपिंडं पाणी जास्त सोडतात. धास्तीचा वाटा वेगळाच.

यंदा जत्रेत हे सगळं काकांना ऐकवलं. ते दुसऱ्या कुणाला तरी मिशी लावत होते.

"असेल बाबा," ते म्हणाले, "पण त्या रात्री गाठ मी दातांनी सोडली होती."

आणि आलेली किटली त्यांनी तशीच पुढे धाडली.