लिस्बनला गेलात तर आधी गेंडा बघा

‘लिस्बनला दोन दिवस आहोत, काय काय बघू?’ नोकरीच्या निमित्ताने मी तिथे तीन वर्षं राहिले, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा तयारच असते: पिवळी ट्राम, सांता जुस्ताची लिफ्ट, पश्तेल द नाता ही कस्टर्डची पेस्ट्री. यादीत चूक काही नाही. पण माझं आजोळ रेवदंड्याचं. आजीच्या घरातून बाहेर पडलं की समोर पोर्तुगीजांची पडकी तटबंदी. ती कोणी आणि कशासाठी बांधली, याचं निम्मं उत्तर मला लिस्बनमध्ये मिळालं. म्हणून तुम्ही विचारलंत तर मी माझ्या क्रमानेच सांगणार.

पहिल्या दिवशी सकाळी शहराच्या बेलें भागात जा. तेजो नदीच्या काठावर, जवळजवळ पाण्यातच, एक पांढरट बुरूज उभा आहे. लोक समोरून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही पश्चिमेच्या अंगाला या आणि कोपऱ्यावरच्या टेहळणीच्या मनोऱ्याखाली बघा. तिथे दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापाण्याने ते इतकं झिजलंय की कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने पोर्तुगीजांचा भारतातला गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा नजर केला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवला आणि २० मे १५१५ रोजी तो इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपने बघितलेला हा पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगीजांनी नावही आपल्याकडचंच उचललं, त्यांच्या जिभेवर ते ‘गांदा’ झालं. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने तो कधीच पाहिला नव्हता, पण पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याने त्याचं चित्र काढलं आणि ते युरोपभर गेलं. पुढे राजाने गेंडा पोपकडे पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला तो बिचारा पाण्यात गेला. बुरुजाचं बांधकाम तेव्हा चालूच होतं. मी तिथे उभी राहते तेव्हा मला तो प्रवासच दिसतो. आपल्या किनाऱ्यावरून निघालेला एक मुका जीव, महिनोन्महिने हलत्या फळ्यांवर.

तिथून जेरोनिमुश मठ चालत गाठता येतो. सोमवारी मठ बंद असतो हे लक्षात ठेवा, आमच्या ओळखीचे दोघं-तिघं दारातून परतलेत. काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि खर्च निघाला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. त्या कराला लोक मिरीचाच कर म्हणत. दगडात कोरलेले दोरखंड, पानं, समुद्रातले जीव, आणि आतल्या चौकाच्या दुमजली कमानींतून येणारं ऊन. इतकं देखणं काम मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. चर्चमध्ये शिरलं की लगेच वास्को द गामाची समाधी लागते. तो वारला कोचीनला, १५२४ च्या डिसेंबरात, आणि आधी पुरलाही तिथेच होता. लोक तिथे गर्दी करतात आणि वेदीपर्यंत जातच नाहीत. तुम्ही जा. मानुएल आणि त्याच्या वंशजांच्या शवपेट्या तिथे संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. पोर्तुगालचे राजे आजही आपल्या हत्तींच्या पाठीवर निजलेत. मला ते बघून एकाच वेळी भरूनही येतं आणि रागही येतो, आणि दोन्ही खरं आहे.

नदीकाठचं दर्यावर्दींचं मोठं स्मारक जाता जाता बघितलंत तरी चालेल. ते जुनं नाही. आजचं दगडी रूप १९६० चं आहे, सालाझारच्या हुकूमशाहीतलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला.

दुसरा दिवस शहराला द्या. लिस्बन समजायचं तर एक तारीख हवी: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि सकाळी भूकंप झाला. मग समुद्राच्या लाटा आल्या आणि नंतर कित्येक दिवस आग. नदीकाठचा राजवाडा गेला. आज तुम्ही ज्या सरळ रेषेतल्या बायशा भागात हिंडता, तो राजाचा मंत्री पोंबाल याने नंतर नव्याने आखलेला आहे. तिथल्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला, म्हणजे पुन्हा धरणी हलली तर घर तगेल.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर कार्मोच्या चर्चमध्ये जा. छप्पर त्या दिवशी कोसळलं आणि परत कधी घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत, त्यांच्यावर आभाळ. सांता जुस्ताच्या लिफ्टची रांग तासभराची असते. ती लिफ्ट तुम्हाला याच कार्मोपाशी आणून सोडते, आणि चढ चढूनही इथे येता येतं. मी चढच सुचवते. फक्त पाऊस असेल तर चपला बघून घाला, तिथले काळ्या-पांढऱ्या दगडांचे पदपथ फार निसरडे.

अल्फामा या जुन्या वस्तीत यादी घेऊन जाऊ नका. खडकावर असल्यामुळे भूकंपातून तो बराचसा वाचला. बोळ, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे. दुपारी नुसतं हिंडा. भाजीवाल्याकडे थांबलात तर कान उघडे ठेवा. कोबीच्या भाईबंदांना ते ‘कोव्ह’ म्हणतात, बटाट्याला ‘बताता’, पावाला नाकातून ‘पांव’. घराची किल्ली हातात देताना माझी घरमालकीण ‘शाव्ह’ म्हणाली, तेव्हा मला आजीची कमरेला खोचलेली चावी आठवली.

शेवट पुन्हा कार्मोच्या चौकातच करा. २५ एप्रिल १९७४ ला लष्कराने उठाव केला आणि याच चौकातल्या बराकीत सालाझारचा वारस कायतानो शरण आला. बाहेर माणसांचा समुद्र, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते त्यानंतर, त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला.

आणि अर्धा दिवस उरला तर कुणीही कॅशकाइशच्या किनाऱ्यावर जायला सांगेल. जरूर जा, लोकल नदीला धरून जाते. बेलेंनंतर काही स्टेशनांनी काशियाश येतं. उतरू नका, तिथे बघण्यासारखं काही उघडं नाही, तुरुंग अजून तुरुंगच आहे. पण गोवामुक्तीसाठी लढायला सांगलीहून गोव्यात गेलेले मोहन रानडे तिथे कैदेत होते. १९५५ मध्ये पकडले गेले, सुटले १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांनी. डाव्या हाताला पाणी चमकत असतं आणि डब्यात सगळे समुद्राकडे बघत असतात. मी मात्र ते स्टेशन आलं की उजवीकडे, टेकडीकडे बघते.