आमची वाटचाल, आणि त्या ग्रीसचा विषय एकदाचा

जळगावात अजिंठा चौफुलीवरून थोडं आत आलं की आमचं गॅरेज. 1998 ला मी आणि नानाने सुरू केलं. नाना टर्नर माणूस, त्याच्याकडे एक सेकंडहँड लेथ होतं, माझ्याकडे पान्यांची पेटी आणि उधारी मागायची हिंमत. ट्रकचे पाटे, जीपचे किंगपिन, ॲम्बेसेडरचे बुश, असलीच कामं. त्यातली बरीच वर्षं चांगली गेली, पोरांचे पगार निघाले, घर झालं, जास्त काही सांगण्यासारखं नाही.

स्पोर्ट्स गाड्यांत आम्ही आलो ते आप्पांमुळे. आप्पा यावलकडचे, केळीवाले. त्यांनी हौसेने मुंबईहून ट्रायम्फ स्पिटफायर आणली, मार्क थ्री, 1296 सीसी, आणि मग जळगावात कोणी हात लावेना. खड्ड्यात खडखड, ब्रेक मारला की एका अंगाला ओढायची, पुढचं चाक हाताने हलवलं तर दातासारखं डुगडुगत होतं. मी बोनेट उचललं, म्हणजे मडगार्डसकट आख्खं तोंडच पुढे कलतं, टायरवर बसून काम करता येतं, आणि बघतो तर खाली सगळं ओळखीचं! वर बॉल जॉइंट, खाली ट्रनियन म्हणजे आट्यांचा पितळी सांधा, मध्ये व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरणारा उभा तुकडा. अरे ही तर आपली हेरल्ड. मद्रासला स्टँडर्ड कंपनी 1961 पासून हेरल्ड बनवत होती आणि स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन हेरल्डवरूनच घेतलेलं. मी नानाला हाक मारली, म्हटलं परदेशी गाडी परदेशी गाडी काय, हिचं सामान इकडच्या भंगारात सापडेल. आणि सापडलं पण बरंचसं.

काम मात्र सोपं नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे विशबोनच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, बुशचं रबर काय टिकणार, करपून भुगा झालेलं, आणि बोल्ट आतल्या स्लीव्हला गंजून चिकटलेले. गॅस न लावता काढायचे म्हणजे रोज डिझेल सोडा, ठोका, परत सोडा. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्रच बाहेर निघतात, मग स्प्रिंग दाबायला नानाने दोन जाड प्लेटा आणि लांब बोल्ट घेऊन कॉम्प्रेसर बनवला. तो अजून आहे, त्याला नवीन पोरांनी हात लावायचा नाही हा नियम पण अजून आहे, दबलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. विशबोनचे ब्रॅकेट चेसिसला बसतात तिथे शिमा म्हणजे पातळ पत्र्या असतात, कुठून किती निघाल्या ते तारेत ओवून चिठ्ठी बांधायची, सगळा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, त्यांच्यावर. आणि रबर बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना कधीच फायनल टाइट करू नका, गाडी चाकांवर उतरवा, वजन येऊ द्या, मग टाइट करा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. हे मला कोणी विचारलं नाहीये, तरी सांगतो, कारण मोठमोठ्या गॅरेजात हेच चुकवतात.

आता ट्रनियन. लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात, ते ट्रनियनमध्ये जातात, आणि स्टिअरिंग फिरवलं की तिथेच फिरतं. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे, अदलाबदल होत नाही. शेवटपर्यंत फिरवून मग थोडं मागे घ्यायचं, म्हणजे दोन्हीकडे फुल लॉकपर्यंत मोकळं फिरलं पाहिजे. आणि आत ऑइल. ग्रीस नाही, ऑइल, नव्वद नंबरचं गियर ऑइल. ग्रीस आट्यांच्या आत नीट पोचत नाही, मग पाणी शिरतं, लिंकच्या आट्यांना गंज खातो, तिथेच बारीक तडा जातो आणि एक दिवस लिंक तुटून चाक आडवं होतं. नाना म्हणायचा पितळेचं ट्रनियन मी लेथवर काढून देतो, पण व्हर्टिकल लिंक नाही, तो फोर्जिंगचा, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला माल आहे, त्यात हुशारी नको. ती आम्ही कायम ओरिजनलच टाकली.

आप्पांची गाडी सरळ झाली तसं नाव झालं. धुळ्याहून, नाशिकहून, एकदा इंदूरहून पण गाडी आली. आणि नाव झालं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. आमच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने हायवेवर दुकान टाकलं. टाकू दे, पोट सगळ्यांना आहे. दोन खांबी लिफ्ट, काचेचं ऑफिस, गिऱ्हाइकाला एसी. शिकला मात्र अर्धवटच, शिमा तारेत ओवायला शिकला, ऑइल कुठे आणि ग्रीस कुठे ते काही शिकला नाही.

2017 ची गोष्ट. धुळ्याची एक हेरल्ड आम्ही आधी केलेली, नंतर तिची सर्व्हिस हायवेवर व्हायला लागली. ती पाळधीच्या पुढे बसली. पुढचं उजवं चाक दुमडलं, नशीब स्पीड कमी होता, कोणाला लागलं नाही. आणि हा हायवेवाला बाबा संध्याकाळपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून मोकळा, की सस्पेन्शन चौफुलीवाल्यांनी केलेलं होतं बरं का. संपलं. फोन यायचे बंद. उभ्या असलेल्या गाड्या लोक टो करून घेऊन गेले, एकाने तर विशबोन काढलेल्या अवस्थेत नेली. नवीन लेथचा हप्ता चालू होता, दोन पोरं सोडून गेली, त्यातला एक हायवेवरच गेला. नानाने जुनं लेथ विकायला काढलं, भंगारवाला वजनावर भाव सांगत होता, नाना त्याच्याशी बोलला पण नाही, नुसता उठून घरी गेला. दिवाळीला बोनस नव्हता. मी तेव्हा दुकान बंद करून एखाद्या शोरूमला फोरमन व्हायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

आप्पा आले. म्हटले, "भो, तो तुटेल तुकडा कुठे शे?" मी म्हटलं गाडीमालकाकडे. ते स्वतः धुळ्याला जाऊन घेऊन आले. तुटलेल्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, एवढा भाग काळपट तांबूस, म्हणजे तडा जुना, आणि उरलेला पांढरा चकाकता, म्हणजे त्या दिवशी तुटलेला. आणि आट्यांत काय? वाळून दगड झालेलं ग्रीस आणि गंज. मग आप्पांनी जुन्या गाड्यांवाल्या सगळ्यांना शेतावर भरीत खायला बोलावलं, त्या धुळेवाल्याला पण. तिथे स्वतःची स्पिटफायर उभी करून मला म्हटले, ट्रनियनचा प्लग खोल. खोलला, काडी घातली, ऑइलने भिजून बाहेर आली. शेजारी टेबलावर तो तुकडा. आप्पा एवढंच बोलले, "हाई गाडी यास्नी करेल शे, आते तुम्ही देखा." धुळेवाल्याने तिथेच कबूल केलं की हायवेवर ग्रीस गन मारून घेत होता, बिलावर पण ग्रीसिंग लिहिलेलं होतं.

ज्या ग्रुपवर बदनामी झाली त्या ग्रुपवर खुलासा मात्र कोणी टाकला नाही. मी वाट बघितली. अजूनही नाही. फोटो मात्र फिरतोच आहे.

कामं हळूहळू परत आली. लेथ विकलं नाही, नाना आता गुडघ्यांमुळे रोज येत नाही पण मोजमापाला येतो, डायल गेज दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. आप्पांची गाडी दर पावसाळ्याआधी येते. तुमच्याकडे हेरल्ड, स्टँडर्डचीच गॅझेल, स्पिटफायर काही असेल तर तुम्ही पण वर्षातून एकदा तरी प्लग काढून ऑइल भरा, आमच्याकडे नाही तर घरी भरा, अवघड नाहीये, आणि मेकॅनिक ग्रीस गन घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

हायवेवर आता "क्लासिक कार स्पेशालिस्ट" असा बोर्ड लागलाय, रात्री लाइट लागतो त्याला. तिथून ग्रीस भरलेली गाडी आमच्याकडे आली तर साफसफाईची मजुरी वेगळी लागते. इस्टिमेटमध्ये ती ओळ आम्ही छापूनच घेतलीये.