मिरजेला न्या

पुण्यात कुणी माहेर विचारलं की कित्येक वर्षं मी 'सांगलीकडचं' म्हणत आले. मिरज म्हटलं की समोरचा म्हणायचा, "अच्छा, ते जंक्शन ना? गाडी बराच वेळ थांबते तिथे." त्यापेक्षा सांगली सोपं. तशी १९९८पासून सांगली, मिरज आणि कुपवाडची एकच महापालिका आहे. पण मिरजेच्या माणसाला 'सांगलीचे का?' विचारलं तर तो थांबून, नीट दुरुस्त करून पुढे जातो. मी तेवढंही करत नव्हते, याची आता लाज वाटते.

आई गेल्यापासून तिचा तंबोरा पलंगामागे उभा होता. तारा नव्या घातल्या तरी आवाज मिटलेलाच. एका गवयाकडे दाखवला, तर ते म्हणाले, "जवारी गेलीय, तारांची गुंजच गेलीय. मिरजेला न्या." लहानपणी हे दोन शब्द मी माणसांसाठी ऐकले होते. वॉन्लेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्याकडे मिशन हॉस्पिटल काढलं. तेव्हापासून पार बेळगाव-विजापूरकडची माणसंही घरातलं कुणी हाताबाहेर गेलं की म्हणायची, मिरजेला न्या.

रात्रीच्या महालक्ष्मीनं निघाले. तंबोरा दुलईत गुंडाळून बर्थवर आडवा घातला आणि पायाशी मी बसले. पहाटे उतरले. रिक्षावाल्या मामांनी दुलई बघूनच ओळखलं, कुठे जायचं ते. वाटेत मी २०१६च्या पाणीगाडीचा विषय काढला. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा एप्रिलमध्ये इथूनच पहिली गाडी गेली होती : दहा टाक्या, पाच लाख लिटर. मामा म्हणाले, "आमच्या कृष्णेचं पाणी. गाडी बघाय पोरास्नी घेऊन गेल्तो की."

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी लाकडाचा वास येतो, मग पॉलिशचा. हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचं काम घटत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी सतार घडवायला घेतली. तलवारीवर बसलेला हात तारेवर बसला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचं अप्रूप फार आहे. पण गल्लीत शिरल्यावर पहिलं दिसतं ते ओळीनं टांगलेले भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, एकेक घागरीएवढा.

तंबोरे घडवणाऱ्या चाचांनी दुलई सोडली. दांडी आणि भोपळ्याच्या सांध्यावरच्या कोरीव पानांवरून अंगठा फिरवला. "हे अब्बांच्या हातचं काम. कुणाचा गं तंबोरा?" मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून पुढ्यात घेतली.

जवारी लावणं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्याला जाणवणार नाही इतका उतार असतो. वर्षानुवर्षं तार घासून तिथे चर पडतात आणि आवाज बसतो. चाचा कानशीचे दोन हात मारायचे, फुंकर घालायचे, तार चढवायचे, छेडायचे, पुन्हा उतरवायचे. असं किती वेळा, मोजलं नाही. मग तारेखाली सुताचा दोरा सारला आणि कान जवळ नेऊन तो केसभर पुढे ढकलला. त्याबरोबर खर्ज उघडला. आईच्या रियाजाची सकाळ सगळी खोलीभर झाली. मला पदर डोळ्यांना लावावा लागला. चाचा काही बोलले नाहीत, जोडाच्या तारेकडे वळले.

दुपारी दर्ग्यात गेले. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथे आहे. जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, १९३७ साली प्राण गेला तो दूर मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनवर, पण माती मिरजेची. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तेव्हा आई मला मांडीवर घेऊन रात्रभर बसायची. गाणारी माणसं बदलत, मागे तंबोरे मात्र गावातलेच.

संध्याकाळी तंबोरा घ्यायला परत आले, तेव्हा लेकीसाठी नवा करायचं बोलले. ती नऊ वर्षांची आहे, नुकतीच शिकायला लागलीय. चाचांनी चार-पाच भोपळे टिचकी मारून पाहिले आणि एक बाजूला काढला. "अजून सालभर राहू दे याला. घाई केली की तडकतो."

खडूनं त्यावर लेकीचं नाव घातलं. मग विचारलं, "गाव?"

"पुणे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नावाखाली 'मिरज' लिहिलं आणि भोपळा माळ्यावर ठेवून दिला.