बाटली भरलेली होती

हवामानाचा अंदाज 36 अंश किंवा त्याहून जास्त असला की काटा जुटा या प्रचंड दगडी घुमटांच्या समूहातली 'व्हॅली ऑफ द विंड्स' ही पायवाट सकाळी 11 वाजता कारू लुकआउटपासून पुढे बंद होते. पर्यटक यावरून हुज्जत घालतात. एवढे पैसे खर्चून मध्य ऑस्ट्रेलियात यायचं आणि अर्ध्या वाटेवरून परतायचं, हे त्यांना पटत नाही. इथे गाइड म्हणून काम करताना मला मात्र हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, आणि नोव्हेंबरातल्या त्या सकाळनंतर तर जास्तच.

त्या दिवशी अंदाज 39 चा होता. मी गटाला उजाडायच्या आत युलारा या मुक्कामाच्या गावाहून बाहेर काढलं. मेलबर्नची मराठी मंडळी होती, दोन कुटुंबं, मुलंबाळं, आणि त्यांतल्या एकाचे साताऱ्याहून आलेले आईवडील. वडिलांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेली, पण पाय काटक. हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट असं सगळं पालथं घातलेला माणूस. "तू माझी काळजी करू नकोस गं," असं त्यांनी गाडीतच सांगून टाकलं.

आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून या जागेबद्दल सांगितलं होतं. ही जमीन आनंगू लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने ती त्यांना परत केली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तेव्हापासून कारभार दोघे मिळून बघतात. याच उद्यानातल्या उलुरू या अजस्र खडकावर चढणं 2019 साली बरोबर त्याच तारखेला कायमचं बंद झालं. काटा जुटाचं तर आणखी वेगळं. ती आनंगू पुरुषांच्या विधींची जागा आहे, तिच्या कथा ते बाहेरच्यांना सांगत नाहीत. त्यामुळे गाइडनेही त्या सांगायच्या नसतात, आणि मी सांगत नाही. आखलेल्या वाटेवरून चालायचं, खडा उचलायचा नाही.

काका मन लावून ऐकत होते. "म्हणजे देवराईच की," ते म्हणाले. "आमच्याकडे तिथली वाळकी काडीसुद्धा घरी नेत नाहीत." इतक्या वर्षांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

सकाळची चाल छान झाली. कारूपर्यंत जेमतेम 1.1 किलोमीटर, तिथून वाट खडकांवरून खाली दरीत उतरते. उलुरू जगभर गाजलेला, म्हणून लोकांना माहीत नसतं की काटा जुटाच्या 36 घुमटांतला सर्वांत उंच घुमट जमिनीपासून 546 मीटर आहे, उलुरूपेक्षा जवळजवळ 200 मीटरने जास्त. दगडही वेगळा. उलुरू वालुकाश्माचा. इथे मुठीएवढे, डोक्याएवढे, काही तर त्याहून मोठे गोटे एकमेकांना चिकटून थरांत बसलेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी उंच पर्वतांवरून वाहून आलेला हा गाळ. काका एकेका गोट्यापाशी थांबत, बघत, पण हात लावत नव्हते. नातवालाही लावू देत नव्हते.

कारिंगाना लुकआउटचा चढ सुरू झाला तसे ते बोलायचे थांबले. आधी वाटलं, चढामुळे असेल. मग त्यांचा पाय दोनदा सपाट दगडावरून सरकला. सह्याद्रीत पाऊल टाकायला शिकलेला माणूस असा घसरत नाही. मी मागे वळून पाहिलं तर चेहरा पांढुरका पडला होता.

दोन घुमटांच्या मधली ती खिंड सकाळी सावलीत असते आणि वारा वाहता असतो. तिथे त्यांना बसवलं, बूट काढले, पाय माझ्या सॅकवर ठेवले, शर्टची बटणं सोडली, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवला. नाडी जलद होती, डोकं दुखत होतं. मी विचारलं, "काका, आज वार कोणता? सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?" उत्तरं बरोबर आली. तिथे गोंधळ झाला असता तर उष्माघात समजून मी तेव्हाच सॅटेलाइट फोनवरून मदत मागितली असती. फोन मी हातातच धरला होता.

मग त्यांची बाटली उचलली. जड लागली. झाकण उघडून पाहिलं तर काठोकाठ भरलेली. उन्हाळ्यात इथे तासाला एक लिटर पाणी प्यावं असं आम्ही सांगतो, आणि काका दोन तासांहून जास्त चालले होते.

सह्याद्रीत शर्ट भिजतो, घाम डोळ्यांत जातो, शरीर ओरडून सांगतं. या वाळवंटातली हवा इतकी कोरडी, की घाम त्वचेवर येताच उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाहीये, तहानही नाही. काकांच्या अनुभवाने त्यांना इथे दगा दिला असणार, असा मी अंदाज बांधला.

तेवढ्यात काकू माझ्या कानाशी आल्या. "मुद्दाम प्यायले नाहीत गं. वाटेत लघवीला जावं लागलं तर काय, म्हणून. काल तू सांगितलंस ना जागेबद्दल, ते त्यांनी मनावर घेतलं. आणि तू बाईमाणूस, तुला कसं विचारणार?"

मला काही क्षण बोलताच येईना. आमच्या एकाही पर्यटकाने या जागेचा मान इतका राखलेला मी पाहिला नव्हता.

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "काका, शरीर इतकं सुकलंय की आता प्यालेलं पाणी ते आधी स्वतःसाठी ठेवून घेईल. गाडीपर्यंत काही अडणार नाही. परतताना सूर्यास्त बघायच्या जागेवर टॉयलेट आहे, मी तिथेच थांबवते." त्यांनी माझ्याकडे न बघता बाटली घेतली. मी त्यात ओआरएसची पुडी टाकली आणि ते घोट घोट प्यायला लागले. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला.

काकांच्या मुलाला मुलांसह पूर्ण फेरी करायची होती. मी नाही म्हटलं. आल्या वाटेने परतलं तर 2.7 किलोमीटर. पुढून गेलं तर 4.7, तेही बरंचसं उघड्या माळावरून, आणि गट फोडायचा नाही. तो नाराज झाला, काकांनी एका शब्दात गप्प केलं: "चल." मी काकांची सॅक घेतली आणि त्यांच्याच चालीने, प्रत्येक सावलीत थांबत आम्ही मागे फिरलो. कारूला पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. पुढची वाट बंद करायला रेंजर येऊन उभा होता. त्याने काकांना नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि आम्हाला गाडीकडे जाऊ दिलं.

आता निघण्याआधी मी प्रत्येक गटाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, टॉयलेट कुठे आहे, वाटेवर का नाही आणि अडचण आली तर कुणाला सांगायचं, हे सरळ सांगते. लाजत नाही. वाटेवर थांबले की बाटल्याही हातात घेऊन बघते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलुरूच्या पायथ्याची माला वॉक केली, सपाट आणि सोपी. कांतजू घळीपाशी काकांनी नातवाची बाटली हलवून पाहिली आणि त्याला म्हणाले, "अर्धी उरलीये. बस खाली, संपव."