माझे पाय कुठे आहेत?

विमानातून उडी मारून पॅराशूटने उतरायचं, म्हणजे स्कायडायव्हिंग, मी शिकतेय. त्या कोर्सच्या लेव्हल ३ ला मी पहिल्यांदा नापास झाले त्या दुपारी इन्स्ट्रक्टरने व्हिडिओ लावला, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि विचारलं, तुझे पाय कुठे आहेत? मी म्हटलं सरळ आहेत की. तिने व्हिडिओ थांबवला. स्क्रीनवर माझ्या टाचा पार मागे दुमडलेल्या, जवळपास मांड्यांना टेकलेल्या, आणि डावा पाय उजव्यापेक्षा जास्त. मी खरंच अवाक झाले कारण हवेत असताना मला शंभर टक्के खात्री होती की मी पाय लांब केलेत. तिने तीनदा माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं सरळ धरली होती, म्हणजे पाय लांब कर अशी खूण, आणि तीनही वेळा मी मान हलवून हो म्हटलंय, तेही दिसतंय व्हिडिओत.

थोडं मागून सांगते. मी मुलुंडची, वय ५६, बँकेत ३१ वर्षं काढून व्हीआरएस घेतली. २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली ती बातमी मी जेवताना टीव्हीवर बघितली होती आणि हातातला घास तसाच राहिला. त्यांची तर पहिली उडीच २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, आधी सराव नसताना! ते काही आपल्याच्याने होणार नाही पण शिकून, पायरी पायरीने, का नाही होणार असं तेव्हापासून डोक्यात बसलेलं. लेकीचं लग्न झालं, व्हीआरएसचे पैसे आले, त्यातली एक एफडी मी माझ्या नावाने ठेवली आणि घरी सांगून टाकलं. नवरा दोन दिवस बोललाच नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, आधी डॉक्टरांकडे जाऊ. गेलो. बीपीची गोळी चालू होतीच, त्यांनी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट आणि हाडांची डेक्सा स्कॅन सगळं करायला लावलं आणि मगच फिटनेसच्या कागदावर सही केली. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी डेक्सा करायची का ते डॉक्टरांना विचारायलाच पाहिजे, उडी मारा नाहीतर नका मारू, पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

टँडेम म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी, ती वेगळी. मी करतेय तो एएफएफ, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल कोर्स. यात पॅराशूट तुमच्या पाठीवर आणि उघडायचं तुम्हीच. सात लेव्हल असतात. पहिल्या तीन उड्यांना दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरून येतात, तिसऱ्या लेव्हलला तुम्ही स्थिर वाटलात की सोडून बघतात, चौथीपासून एकच असतो. मी गेले ते पटायाजवळच्या ड्रॉपझोनला, म्हणजे जिथे या उड्या मारतात त्या केंद्राला, मुंबईहून बँकॉक साधारण चार तासांत.

विमान १३,००० फुटांवर नेतं आणि विद्यार्थ्याने ५,५०० ला पॅराशूट उघडायचं. म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या उंचीवर, ती १,६४६ मीटर, ५,४०० फूट. मधले ४५ सेकंद मोकळं पडायचं. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९०-२०० किलोमीटर होतो, लोकलच्या दारात जो वारा तोंडावर येतो त्याच्या दुप्पट वेग, पण गंमत म्हणजे पडतोय असं वाटतच नाही, आवाज प्रचंड असतो आणि हवा घट्ट लागते, गादीवर पालथं झोपल्यासारखी. पोट खाली, कंबर पुढे ढकलून शरीराची कमान करायची आणि हातपाय म्हणजे सुकाणू. पाय जास्त दुमडले की तुम्ही मागे सरकता. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दुमडला की गोल फिरायला लागता. मी दोन्ही करत होते. त्यांनी सोडलं की मी मागे सरकत सरकत फिरायला लागायची आणि त्यांना झडप घालून परत धरावं लागायचं.

चष्म्याचं सांगायचं राहिलं. डाव्या मनगटावर उंची दाखवणारा अल्टिमीटर असतो आणि मला वाचायचा चष्मा लागतो, गॉगलमधून तबकडीवरचे आकडे धूसर. यावर उपाय सापडला तो आकडे न वाचण्याचा. तबकडी घड्याळासारखीच, वर १२. १३,००० ला काटा एकच्या जागी असतो आणि उलटा फिरत खाली येतो, साडेपाचच्या जागी आला की उघडायचं. आयुष्यभर भिंतीवरचं घड्याळ लांबून बघितलंय, ते जमलं. चाळिशीचा चष्मा असलेल्या कुणी शिकायचं ठरवलं तर डिजिटलपेक्षा काट्याचा मागून घ्या.

दुसऱ्यांदा लेव्हल ३. रात्री हॉटेलच्या पलंगावर पालथी पडून पाय लांब, पाय लांब, किती वेळा केलं असेल. तरी परत नापास, परत तेच, आणि वर लँडिंग चुकलं. उतरताना दोन्ही दोऱ्या खाली ओढून वेग मारायचा असतो त्याला फ्लेअर म्हणतात, कानात रेडिओवर सांगतात कधी करायचं ते, पण जमीन अंगावर आल्यासारखी वाटली आणि मी घाईने फार उंचावरच ओढलं. अशा वेळी पाय आणि गुडघे एकमेकांना जुळवून ठेवायचे आणि एका कुशीवर लोळण घ्यायची, हे पहिल्या दिवशी वीस वेळा करून घेतलं होतं. मी मात्र पायरी उतरल्यासारखा उजवा पाय पुढे टाकला. घोट्याला हेअरलाइन फ्रॅक्चर. परत पाय!

सहा आठवडे प्लास्टर. मी कुणाला दोष देत नाही पण ते दिवस वाईट गेले. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणि एक वाक्य घेऊन यायचा, या वयात कशाला. लेक रागावली, अगं आई तू बाथरूममध्ये पडलीस तरी आम्ही घाबरतो. तिचं चुकत नव्हतं. मला स्वतःला रडू यायचं ते वेगळ्याच गोष्टीचं, की मी घाबरले म्हणून नापास झाले असते तर समजलं असतं, पण मी दारातून न अडखळता बाहेर पडत होते, पॅराशूटच्या हँडलला हात जात होता, उंची बघत होते, आणि माझेच पाय मला कळत नव्हते.

ते कळलं ते प्लास्टर निघाल्यावर, जेवणाच्या टेबलाशी. खुर्चीत बसले होते आणि बघते तर दोन्ही टाचा खुर्चीखाली मागे अडकवलेल्या. ३१ वर्षं काउंटरमागे मी अशीच बसले. गर्दी असली, कॅश जुळत नसली की टाचा आणखी मागे. म्हणजे ताण आला की शरीर तेच करणार, १३,००० फुटांवरही तेच, आणि शरीराला ते सरळच वाटणार कारण त्याला तेच माहितीय!

हैदराबादला विंड टनेल आहे, म्हणजे खालून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर तरंगत सराव करायची जागा, तिथे जायचा विचार होता, पण त्याआधी फिजिओने पायाला ताकद यायला काहीतरी रोजचं करा म्हणून सांगितलं आणि मला आमच्या भागातल्या व्यायामशाळेतला मल्लखांब आठवला. लहान पोरं दोरीवर चढतात ते मी वर्षानुवर्षं बाहेरून बघत होते. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल, तिने नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाली काकू जमिनीपासून दोन फुटांच्या वर जायचं नाही. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरतात. मला महिनाभर धरताच आली नाही. ती खाली बसून माझ्या अंगठ्याला हात लावायची आणि म्हणायची, काकू, पाय झोपलेत तुमचे, इथपर्यंत लक्ष आणा. सुरुवातीला अंगठा सोलपटला, पोटऱ्यांत गोळे यायचे. पावसाळाभर आठवड्यातून तीनदा गेले. गणपतीच्या सुमारास एक दिवस डोळे मिटून लटकले होते आणि मला माझ्या दोन्ही पायांची बोटं कुठे आहेत ते न बघता कळत होतं, डावं जरा वर, उजवं खाली. मी ओरडलेच.

नोव्हेंबरमध्ये परत गेले. इतके महिने गेलेले, त्यामुळे ग्राउंड ट्रेनिंग पुन्हा, इमर्जन्सीचा सराव पुन्हा, मुख्य पॅराशूट बिघडलं तर ते सोडायचं आणि रिझर्व्ह उघडायचं हे हात आपोआप करेपर्यंत. तिसऱ्यांदा लेव्हल ३. दारातून निघालो, कमान केली, उंची बघितली, आणि मग पायाचे अंगठे ताणले, दोरी धरायला ताणते तसे. इन्स्ट्रक्टर समोर दिसत होती. मी तिच्या दोन बोटांची वाट बघत होते, ती आलीच नाहीत. तिने हात सोडला, दुसऱ्याने सोडला, आणि मी तिथेच. क्षितिज जागचं हललं नाही. किती सेकंद ते व्हिडिओत नंतर मोजलं, सात. काटा साडेपाचवर आला, उघडलं, पॅराशूट फुललं आणि एवढ्या आवाजानंतर एकदम शांत झालं आणि मी वर एकटीच मोठ्याने रडत होते. लँडिंगला पाय जुळवलेले, लोळण घेतली, कपडे चिखलात माखले, घोटा शाबूत.

त्यानंतर लेव्हल ५ एकदा रिपीट झाली, गिरक्या वेळेत थांबेनात. सातही झाल्या. आता सोलो धरून एकूण १४ उड्या आहेत, ए लायसन्सला, म्हणजे पहिल्या परवान्याला, २५ लागतात, अकरा राहिल्यात. जानेवारीचं तिकीट नवऱ्याने काढलंय, या वेळी दोघांचं, तो खाली उभा राहून बघणार म्हणतो.

मल्लखांब सोडलेला नाही. परवा लोकलने घरी येताना लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली, भांडुपला गाडी थांबून राहिली, गर्दी वाढली, कुणीतरी भांडायला लागलं, आणि मी खाली न बघता ओळखलं की टाचा सीटखाली गेल्यात. हळूच पुढे आणल्या.